चढाईसाठी माणूस पाहिजे

उमरगा,
२१ जून २०२४

जगदेवी अक्कास,
शंभूचा नमस्कार.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. मागच्या महिन्यात तुला व्हॉट्सॲपवर आमच्या चेअरमनविषयी चार ओळी लिहिल्या, त्या तुझ्या नातवानं उचलून घरच्या ग्रुपवर टाकल्या, आणि त्या ग्रुपात चेअरमनची मेव्हणी आहे. आठवडाभर मी स्टाफरूमला मागच्या दारानं जात होतो. म्हणून आता टपाल. पोस्टमनला तरी कबड्डीत रस न्हाय.

रस तसा कुणालाच उरला न्हाय. मागच्या मोसमात आमचा कॉलेजचा संघ पहिल्याच सामन्यात एक्केचाळीस-नऊ हरला, आणि त्या नवातले निम्मे गुण समोरच्यांनी कंटाळून दिले होते. आमची पोरं चढाईला जातात ती पंगतीला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी. दारातून डोकावतात, जागा न्हाय बघतात, परत येतात. चढाई शिकवणारा आमचा माणूस होता, तो पाच वर्षांपूर्वी सोलापूरला जिम टाकून बसला. मी सगळं आयुष्य डाव्या कोपऱ्यात उभा राहून पकडी केल्या. आलेल्याचा पाय धरायचा, एवढंच मला कळतं. दुसऱ्याच्या अंगणात घुसून सुखरूप परत यायची विद्या माझ्याकडं न्हाय.

आता चेअरमन कल्याणप्पांनी बोलावून सांगितलं, "बिराजदार, या वर्षी स्पर्धा आपल्याच मैदानावर आहे. पहिल्या सामन्यात हरलात तर कबड्डी बंद. तिथं फार्मसीची इमारत उभी करू. तुम्ही ग्रंथालयात बसा." ग्रंथालयात, अक्का! मला तिथं झोप येते हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे.

चढाईसाठी तिघं जण डोळ्यापुढं आहेत. पहिला कृष्णराज, कल्याणप्पांच्या साडूचा मुलगा. बेंगळुरूचं प्रमाणपत्र आहे, लॅपटॉप आहे, दर वाक्यात "डेटा" आहे. दुसरे योगीराज हवालदार, रिटायर्ड. एके काळी जिल्ह्यात त्यांच्यासारखा चढाईपटू नव्हता. आता पोट आधी मध्यरेषा ओलांडतं, ते मागून येतात.

तिसरी शिवानी गुंड, तामलवाडीची. विद्यापीठाच्या मुलींच्या संघातून खेळलेली, आता शाळेत शिकवते. तिला मी मे महिन्यात तुळजापूरला पोरींना शिकवताना बघितलं. अक्का, काय पाय आहे तो! डावा टेकला असं वाटतं तोवर उजवा भलतीकडंच गेलेला असतो. समोरचा तिच्या डोळ्यात बघत बसतो आणि तेवढ्यात तिचा अंगठा त्याच्या गुडघ्याला लागून परतही गेलेला असतो. कमरेत वाकते ती वेताच्या काठीसारखी. घाई म्हणून न्हाय. परत येताना तर मागं वळूनसुद्धा बघत न्हाय, आपली मध्यरेषा कुठं आहे हे तिच्या टाचेला कळतं. मी तिथं तासभर उभा होतो, चहा गार झाला. रात्री डोळे मिटले तरी तेच दिसत होतं. पण पोरांच्या संघाला बाई? गाव काय म्हणेल, कल्याणप्पा काय म्हणतील? काय करू ते कळव.

तुझा,
शंभू


परंडा,
२९ जून २०२४

चि. शंभू तम्मास,
अक्काचा आशीर्वाद.

पत्र दुकानात गल्ल्यावर बसून वाचलं. एक गिऱ्हाईक साखर मागत होतं, त्याला मीठ दिलं.

तम्मा, तू माझा धाकटा भाऊ. मी किराणा विकते म्हणून मला माणसं वजन करता येत न्हाईत असं समजू नको. तू त्या लॅपटॉपवाल्यावर दोन ओळी लिहिल्यास. हवालदारावर दोन. आणि त्या पोरीवर पानभर! त्यात अर्धं पान नुसतं पायावर, मग कंबर, मग डोळे. चहा गार झाला म्हणतोस. रात्री डोळ्यापुढं येते म्हणतोस. आणि शेवटी विचारतोस, गाव काय म्हणेल?

त्रेचाळीस वर्षाचा घोडा झालास. चौदा ठिकाणी मी तुला दाखवलं, प्रत्येक ठिकाणी तू पोरीच्या भावाला विचारलंस की कबड्डी खेळतो का. मी देवाला सोडून सगळ्यांना नवस बोलले. आता तुझ्या तोंडून पहिल्यांदा एका बाईचं कौतुक ऐकलं, तर ते चढाईचं असं सांगून कुणाला बनवतोस?

जात वेगळी आहे, असू दे. माझी हरकत न्हाय. आडनाव गुंड आहे, त्यालाही हरकत न्हाय, आपल्या चुलत्यांचे धंदे बघता आपल्यालाच ते शोभलं असतं.

तू यात आता काही करू नको, तू केलंस की बिघडतं. थोडं काम मी माझ्याकडं घेतलंय. कल्याणप्पांना म्हणावं विचार चालू आहे.

जेवत जा.
तुझी,
जगदेवी अक्का


उमरगा,
१२ जुलै २०२४

अक्कास,

तुझं पत्र मी वाचलं तेव्हा हसलो. लिहिणार होतो की बाई गं, तसं काही न्हाय, मला चढाईसाठीच माणूस पाहिजे. पण मैदानावर चुना मारायचा होता, राहून गेलं. हसायला नको होतं असं आता वाटतंय.

आधी हवालदारांचं सांगतो. त्यांना चाचणीला बोलावलं. मिशीला पीळ देऊन, मांडीवर थाप मारून गेले, "कबड्डी" एवढं एकदा म्हणाले आणि तिथंच खाली बसले. उठेनात. पोरांना वाटलं हा डाव आहे, कुणी जवळ जाईना. शेवटी त्यांनीच खुणेनं पाणी मागितलं. कंबर धरली होती. जाताना म्हणाले, "बिराजदार, आमच्या वेळची जमीन मऊ होती."

मग कृष्णराज. त्यानं पहिले काही दिवस पोरांना वर्गात बसवून पडद्यावर बाण दाखवले. लाल बाण, निळा बाण. आमचा कप्तान श्रीनाथ तिथं घोरला. मग मी म्हणलं, साहेब, एकदा मैदानावर दाखवा. तो चष्मा घालून गेला आणि आमच्या विरुपाक्षनं त्याला धरलं. विरुपाक्ष म्हणजे आमच्यातला सगळ्यात हडकुळा, त्यानं आजपर्यंत कुणालाच धरलेलं न्हाय. तो स्वतःच इतका घाबरला की धरून ठेवून "सर, आता काय करू?" असं मला विचारत होता.

म्हणजे शिवानीच. फोनवर तिचं माझं बोलणं झालं होतं, येते म्हणाली होती. काल तारीख ठरवायला फोन केला तर म्हणाली, "सर, तुमच्याकडची माणसं येऊन गेली. मला यात पडायचं नाही. पुन्हा फोन करू नका." आणि ठेवला.

कुठली माणसं, अक्का? माझ्याकडं माणसं कुठं आहेत?

कल्याणप्पा म्हणतात सोमवारी कृष्णराजला हजर करून घ्या.

शंभू


तामलवाडी,
१४ जुलै २०२४

श्रीमती जगदेवीबाई यांस,
स. न.

तुमचा पत्ता पेढ्यांच्या खोक्यावर होता. पेढे आम्ही उघडले नाहीत, पण खोका परत नेण्याइतकं भान तुमच्या माणसांना राहिलं नाही.

मागच्या रविवारी बसप्पा नावाचे एक गृहस्थ, दोन बायका आणि एक नारळ आमच्या अंगणात उतरले. मी द्राक्षाच्या बागेतून आले होते, हाताला औषधाचा वास होता. मला वाटलं उमरग्याच्या कॉलेजची माणसं नोकरीचं बोलायला आली. मी माझी प्रमाणपत्रं काढून ठेवली. बसप्पांनी ती बाजूला सारून त्यांवर चहाची बशी ठेवली आणि म्हणाले, "पोरीला जरा चालून दाखव म्हणावं, मुलाला पाय लई आवडलेत."

मी त्यांना म्हणाले, चालून कशाला, पळून दाखवते, आणि बागेत निघून गेले. माझे वडील उत्तरेश्वर गुंड शांत स्वभावाचे आहेत, म्हणून तुमची मंडळी धडधाकट परत पोचली.

जात वेगळी असूनही तुमची हरकत नाही, असा निरोप मिळाला. आभारी आहे. माझी आहे का, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

मी चौतीस वर्षांची आहे. अकरा वर्षं खेळले. जिथं जिथं मला शिकवायला बोलावलं तिथं शेवटी कुणाला तरी सून, बायको नाहीतर बक्षीस समारंभाला आरती धरणारी पाहिजे होती. तुमच्या भावाचा फोन आला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "तुम्ही तिसऱ्या चढाईला पाय आधी टाकता की हात?" असा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. दोन दिवस मी खूश होते. ते दोन दिवस फुकट गेले, एवढाच माझा राग आहे.

खोका पोस्टानं पाठवत आहे.

शिवानी गुंड


परंडा,
१९ जुलै २०२४

चि. शिवानीस,
जगदेवी अक्काचा आशीर्वाद. नको असला तर फाडून टाक.

खोका आला. पेढे खराब झाले होते, बसप्पाला खायला दिले.

पोरी, चूक माझी आहे आणि पुरती माझी आहे. शंभूला यातलं काडीचं माहीत न्हाय. त्यानं मला तुझ्या चढाईविषयी लिहिलं आणि मी ते बाईविषयी लिहिलंय असं वाचलं. पुरुष माणूस पानभर कौतुक करतो ते खेळाचं असू शकतं, हे माझ्या डोक्यात आलंच न्हाय. आमच्या ह्यांनी मला तीस वर्षांत एवढंच सांगितलं की आमटी बरी झाली.

त्याचं ते पत्र सोबत पाठवते. वाच आणि तूच ठरव त्यात माणूस कशावर भाळलाय. मी काल परत वाचलं. "आपली मध्यरेषा कुठं आहे हे तिच्या टाचेला कळतं" असं त्यानं लिहिलंय. नवरदेव असलं लिहीत न्हाईत.

माझा भाऊ येडा आहे. मैदानाबाहेर त्याला पोळी आणि भाकरी यातला फरक कळत न्हाय. पण खोटारडा न्हाय. तू गेली न्हाईस तर त्या पोरांच्या मैदानावर गोळ्या-औषधांची इमारत होणार आणि माझा भाऊ ग्रंथालयात घोरत बसणार. तुझा आमच्यावर काही उपकार करायचा संबंध न्हाय. जायचं असलं तर खेळासाठी जा, आणि जाशील तर तुझ्या अटींवर जा. पगाराचं, राहायचं आधी बोलून घे. शंभूला बोलता येत न्हाय, तो सगळ्याला व्हय म्हणेल.

परंड्याहून कुणी येणार न्हाय. हा शब्द.

जगदेवी


उमरगा,
१८ ऑगस्ट २०२४

अक्कास,

तू माझं पत्र तिला पाठवलंस! मला कळलं तेव्हा मी चुन्याची बादली पायावर पाडून घेतली. ती तर समोर उभी राहून म्हणाली, "सर, तुम्ही लिहिलंय की मला घाई नाही. घाई आहे. ती दिसू देत नाही, एवढंच." आणि कामाला लागली. माझे कान अजून गरम आहेत.

तर ती आली. गावात एक खोली घेतली आहे, शाळेतून रजा काढली आहे.

कृष्णराजला हजर करायचं मी काहीबाही सांगून टाळत होतो, पण तिचा होकार आल्यावर मला कल्याणप्पांकडं जावं लागलं. कृष्णराज तिथंच सोफ्यावर होता. मी म्हणलं, "साहेब, मला बाई पाहिजे." कल्याणप्पांची बायको चहाचा ट्रे घेऊन दारातूनच परत गेली. मी सावरून म्हणलं, "चढाईसाठी. शिवानी गुंड." कल्याणप्पा लाल झाले. घरचा माणूस सोडून बाहेरची, तीही बाई, पोरांच्या संघाला? तुम्हाला लाज न्हाय का? मी म्हणलं, "एक्केचाळीस-नऊनंतर कुठली लाज? पहिला सामना हरलो तर मैदानाची किल्ली मी स्वतः आणून देतो आणि क्रीडा विभागाचा राजीनामाही देतो." हे मी का बोललो मला माहीत न्हाय. घरून निघताना असलं काही ठरलं नव्हतं. कल्याणप्पा खूश झाले. त्यांना वाटलं इमारतीचा पाया खोदायला मीच कुदळ आणून दिली.

पोरांनी पहिल्या दिवशी दात काढले. श्रीनाथ म्हणाला, "मॅडम, आम्ही तुम्हाला धरायचं कसं? बरं दिसत न्हाय." ती म्हणाली, "आधी हात तर लावून दाखव." सातही जणांना बाद करून आली. दुसऱ्यांदा गेली, परत सातही बाद. नंतर श्रीनाथ नुसता धापा टाकत होता.

तिच्या अटी मात्र कडक आहेत. श्रीनाथ कप्तान असला तरी पहिली चढाई त्याची न्हाय, कारण तो समोरच्याला बघत न्हाय, प्रेक्षकांत कोण पोरगी आलीय ते बघतो. त्याचा बाप ग्रामपंचायतीत आहे, मैदानावर येऊन दम देऊ लागला. मी "बघतो" म्हणलं. तिनं सरळ "नाही" म्हणलं आणि बापाला बसवून पोराच्या बाद झालेल्या चढाया मोबाइलवर दाखवल्या. बाप जाताना पोराच्याच पाठीत घालून गेला.

माझ्यावरची अट सगळ्यात वाईट. चढाई चालू असताना मी तोंड उघडायचं न्हाय. ती म्हणते मी "जा, जा, घे, घे" ओरडतो त्यामुळं पोरं जायचं नसतं तिथं जातात आणि धरली जातात. वीस वर्षं मला वाटत होतं मी त्यांना हिंमत देतोय. काल सरावात चुकून "जा" म्हणलं तर तिनं मला मैदानाबाहेर काढलं. कंपाउंडच्या पलीकडून बघत होतो. रस्त्यानं जाणारे ट्रकवाले विचारत होते, काय मामा, आत घेत न्हाईत का?

तुला माफ केलं की न्हाय ते अजून ठरलं न्हाय.

शंभू


परंडा,
२७ ऑगस्ट २०२४

तम्मा,

नको करू माफ. बाई आली न्हवं?

तोंड बंद ठेव. मला माहीत आहे अवघड आहे. लहानपणी तू झोपेतसुद्धा ओरडायचास. तोंडात काहीतरी धर.

राजीनामा देतो म्हणालास ते बरं केलं न्हाईस, पण ऐकून बरं वाटलं. सूनबाईचं बाळंतपण ऑक्टोबरात आहे, मला सामन्याला येता येणार न्हाय. सगळं लिहून कळव. खोटं लिहू नको, हरलास तर हरलो लिही.

अक्का


उमरगा,
२१ ऑक्टोबर २०२४

अक्कास,

नात झाली, फार आनंद झाला. नाव ठेवताना कुणाच्या ग्रुपवर विचारू नको.

आता इकडचं. गुरुवारी सकाळी पहिला सामना धाराशिवच्या संघाशी, म्हणजे मागच्या वर्षी आम्हाला धुतलं तेच. सगळं उमरगा आलं होतं, निम्मे बाई कशी शिकवते ते बघायला आणि निम्मे मी राजीनामा कसा देतो ते बघायला. कल्याणप्पा पहिल्या रांगेत, शेजारी इमारतीचा नकाशा काढणारा इंजिनिअर. सामना चालू असताना तो माणूस पावलं टाकून मैदान मोजत होता.

मी तुझं ऐकून टॉवेल तोंडात धरला होता. मध्यंतराला आम्ही चार गुणांनी मागं. मला सांगायचं होतं, श्रीनाथला पाठव, श्रीनाथला पाठव. टॉवेल चावला. शिवानी पोरांना एवढंच म्हणाली, "त्यांचा उजवा कोपरा दमलाय. तो गुडघ्यावर हात ठेवतो तेव्हाच जा." पोरं तशी गेली. एकेक गुण सरकत शेवटी सत्तावीस-सत्तावीस. आणि शेवटची चढाई आमची, तीही दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी. म्हणजे रिकामं परत आलं की बाद, गुण त्यांना.

तिनं विरुपाक्षला पाठवलं. त्या हडकुळ्याला. सगळं मैदान श्रीनाथच्या नावानं ओरडत होतं, आणि श्रीनाथ, अक्का, श्रीनाथ स्वतः विरुपाक्षच्या पाठीवर थाप मारून मागं सरकला. समोर सहा जण, म्हणजे त्यांच्या मागची बोनस रेषा नुसती ओलांडून आलं तरी एक गुण. त्यांना वाटलं हा कुणाला तरी हात लावायला येणार, ते पसरले. तो आत गेला, कुणाकडं हात केलाच न्हाय. एक पाय हवेत ठेवून दुसरा लांब सोडला, बोनस रेषेच्या पलीकडं नुसता टेकवला, आणि वळून पळाला. दोघांनी उडी मारली, त्यांच्या हातात त्याच्या बनियनचा तुकडा आला. अठ्ठावीस-सत्तावीस.

मला वाटतं मी रडलो. टॉवेल तोंडातच होता, त्यामुळं आवाज आला न्हाय. प्राचार्य नाचताना चप्पल हरवून बसले. इंजिनिअर दिसेना. कल्याणप्पा स्टेजवर जाऊन माईकवर म्हणाले की शिवानी मॅडमना आणायची कल्पना संस्थेचीच होती. मी टाळ्या वाजवल्या. इमारतीचा विषय पुढच्या वर्षावर गेला असं कळतं, कृष्णराजला संगणक विभागात घेतलंय आणि तिथं तो खरंच चांगला आहे.

तू म्हणालीस खोटं लिहू नको, म्हणून दुपारचंही लिहितो. दुसरा सामना बीडच्या संघाशी. चव्वेचाळीस-एकवीस हरलो. तरी लोक उठून गेले न्हाईत, या कॉलेजचा दुसरा सामना त्यांनी कधी बघितला नव्हता.

मी पाणी पीत शिवानीला म्हणलं, "वाईट वाटून घेऊ नका, मॅडम. चढाई अजून बसायची आहे."

ती बुटाची नाडी सोडत होती. वर न बघता म्हणाली, "सर, एकवीस माझे. चव्वेचाळीस कुणाचे?"

मला आधी कळलंच न्हाय. मग कळलं. अक्का, पाच वर्षं मी चढाईला माणूस शोधतोय, चढाईच्या नावानं बोंब मारतोय, आणि पोरांना मी एकदाही पाय धरायला शिकवलेलं न्हाय. माझी विद्या आहे, ती त्यांना येतच असणार असं मी धरून चाललो होतो. ती पोरं आलेल्याचा पाय धरत न्हाईत, त्याला नमस्कार केल्यासारखं वाकतात.

आज सकाळी जुनी चड्डी घातली, गुडघ्याला पट्टा बांधला आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. पोरं हसायला लागली. शिवानीनं श्रीनाथला बोट केलं, जा. तो मला सांभाळूनच आला, म्हाताऱ्याला लागू नये म्हणून. मी त्याच्या डोळ्यात बघितलंच न्हाय. टाच उचलायची वाट बघितली, ती उचलली, आणि मी खाली गेलो. घोटा दोन्ही हातात आला. कसा आला सांगता येत न्हाय, पण अक्का, आला. श्रीनाथ आडवा.

कुणी हसलं न्हाय. विरुपाक्ष तोंड उघडं टाकून बघत होता. श्रीनाथ तसाच धुळीत पडून म्हणाला, "सर, तुम्हाला येतं की हे!"

मी म्हणलं, "ऊठ. परत ये."

तुझा,
शंभू